विशारद-अलंकारचं शास्त्र घरी बसून: सोलापुरातल्या परीक्षार्थींसाठी

विशारद आणि अलंकार या शास्त्रीय संगीताच्या वरच्या परीक्षांत क्रियात्मकाला, म्हणजे प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्याला, गुरू असतो, शास्त्राला, म्हणजे लेखी भागाला, बहुतेक वेळा कुणीच नसतं. क्लासमध्ये राग घोटून घेतला जातो, लेखी पेपरसाठी मात्र "पुस्तक वाच" एवढंच सांगितलं जातं. परीक्षेच्या आधी तीन आठवडे पुस्तक उघडलं, की श्रुती, ग्राम, मूर्च्छना, मेल असे शब्द अंगावर येतात आणि मग पाठांतर सुरू होतं. पाठांतरावर विशारदच्या आधीची मध्यमा निघून जाते. विशारदपासून ते पुरत नाही. तिथं व्याख्या विचारतात, पण गुण मिळतात ते गणित, स्वरलिपी (बंदिश चिन्हांनी लिहिणं) आणि लयकारीला (तालाचे बोल दुप्पट, तिप्पट, दीडपट लयीत मांडणं), आणि या तिन्ही गोष्टी हातानं करून पाहिल्याशिवाय येत नाहीत.

पुढचे टप्पे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायन किंवा स्वरवाद्याची परीक्षा डोळ्यांपुढं ठेवून लिहिले आहेत. इतर संस्थांच्या याच पातळीच्या परीक्षांनाही बराचसा भाग लागू पडेल.

१. आधी अभ्यासक्रम, मग पुस्तक

पहिली चूक इथंच होते. बाजारात मिळणारं मार्गदर्शक आणून पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मंडळाचा चालू अभ्यासक्रम मिळवा, आपल्या वर्षाचं पान छापून घ्या आणि मुद्द्यांपुढं तीन खुणा करा: "करायचं" (लयकारी, स्वरलिपी, तारेचं गणित), "समजायचं" (ग्राम, मेल, रागसमय), "लक्षात ठेवायचं" (चरित्रं, ग्रंथ, घराणी). वेळ याच क्रमानं द्या. बहुतेक जण उलट करतात, कारण चरित्र वाचायला सोपं असतं आणि वाचलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं.

मागच्या पाच-सहा सत्रांच्या प्रश्नपत्रिका केंद्रचालकांकडं किंवा आधी बसलेल्या मुलांकडं मिळतात. प्रश्न तसेच्या तसे येतील म्हणून नव्हे, प्रश्नाची भाषा ओळखीची व्हावी म्हणून त्या पाहायच्या. "स्पष्ट करा", "तुलना करा" आणि "लिपिबद्ध करा" या तिन्हींना वेगळं उत्तर लागतं.

२. काय काय लागेल

फॉर्मसाठी आधीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र किंवा गुणपत्रक, फोटो, ओळखपत्र आणि शुल्क. प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे फॉर्म भरण्यापूर्वी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं घोडं इथंच अडतं. आणखी काय जोडायचं आणि शेवटची तारीख कोणती, हे आपल्या केंद्रावरच विचारा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा सत्रांत होतात. फॉर्मची मुदत त्याच्या बरीच आधी संपते.

अभ्यासासाठी:

- चौकटींची वही (गणिताची चालते), पट्टी, पेन्सिल, दोन रंगांची पेनं
- मोबाइलवर तानपुरा आणि आंदोलनं दाखवणारा ट्यूनर
- चार फुटी लाकडी फळी, सतारीची एक बाजाची तार, एक खुंटी, तीन छोट्या घोड्या (तार टेकवायच्या पट्ट्या), इंचांची टेप
- एक मूळ धाटणीचा जाड ग्रंथ आणि एक परीक्षेचं पुस्तक. तिसरं नको, व्याख्यांची सरमिसळ होते.

पुस्तकं लगेच विकत घेऊ नका. आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि आपल्या शिक्षकांच्या कपाटात शोधा. जुनी चांगली पुस्तकं दुकानापेक्षा कपाटातच जास्त सापडतात.

३. वेळापत्रक: गड्डा धरून

एप्रिल-मेच्या सत्राला बसायचं तर नोव्हेंबरात सुरुवात करा. सोलापुरात राहून जानेवारीचा मधला पंधरवडा अभ्यासात धरणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. सिद्धेश्वराची यात्रा, तिच्यातला गड्डा (जत्रेचा बाजार), पाहुणे आणि मागोमाग हुरडा. त्या दिवसांत फक्त ऐकायचं काम ठेवा: रोज एक राग, आणि वहीत एकच ओळ, वादी (रागाचा मुख्य स्वर) कुठं जाणवला.

तारेचं गणित, श्रुती आणि मेल गड्ड्याच्या आत संपवा. फेब्रुवारीत लयकारी, मार्चमध्ये स्वरलिपी आणि रागांची तुलना, शेवटी चरित्रं. एप्रिलमध्ये दुपारी बारा ते पाच इथं डोकं चालत नाही, पारा चाळिशीच्या पुढं असतो. गणित आणि लयकारी पहाटे साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान, वाचन रात्री. रोज दीड तास पुरतो, पण रोज हवा.

४. तार मोजा

अहोबल या जुन्या संगीतशास्त्रकारानं "संगीत पारिजात"मध्ये तारेच्या लांबीवरून स्वरस्थानं सांगितली आणि श्रीनिवासानं तीच वाट पुढं नेली. परीक्षेत "श्रीनिवासाची स्वरस्थानं" हा हक्काचा प्रश्न आहे. मुलं आकडे पाठ करतात आणि एक आकडा चुकला की पुढचे सगळे कोसळतात. त्याऐवजी फळीवर तार चढवा. दोन पक्क्या घोड्यांमध्ये बरोबर ३६ इंच ठेवा. तिसरी, सरकती घोडी पक्क्या घोड्यांपेक्षा अगदी नखभर उंच हवी. जास्त उंच झाली तर तार ताणली जाते, स्वर चढतो आणि मोजमाप बरोबर असूनही कानाला चुकीचं लागतं.

मग याच क्रमानं जा:

मोकळी तार ३६ इंच, हा सा. मधोमध १८ वर तार सा. सा आणि तार सा यांच्या मधोमध २७ वर म. पूर्ण तारेचे तीन समान भाग केले की २४ वर प. सा आणि प यांच्या मधोमध ३० वर ग. सा ते प या १२ इंचांचे तीन भाग केले की पहिल्या भागावर, ३२ वर रे. प ते तार सा या ६ इंचांचे तीन भाग करून दोन भाग सोडले की २० वर नि. राहिला ध. तो प आणि तार सा यांच्या मध्ये सांगितला आहे, पण काटेकोर मध्य घेतला तर २१ येतो आणि रेशी त्याचा षड्ज-पंचम भाव (सा-प मधलं नातं) जमत नाही. म्हणून ३२ चे दोन तृतीयांश, म्हणजे २१ १/३ धरतात. उत्तरात हे कारण लिहिलंत तर तुम्हाला विषय कळला आहे हे परीक्षकाला तिथंच दिसतं.

आंदोलनं (तारेची सेकंदाला होणारी कंपनं) काढायची असतील तर सा २४० धरा. सूत्र एकच: २४० × ३६ ÷ लांबी. म्हणजे ८६४० भागिले लांबी. रे २७०, ग २८८, म ३२०, प ३६०, ध ४०५, नि ४३२, तार सा ४८०. ८६४० हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की सगळं तोंडी होतं.

इथं दोन सापळे आहेत. एक, लांबी कोणत्या बाजूनं मोजली आणि कोणता तुकडा छेडला. २४ इंचांवर घोडी ठेवून चुकून पलीकडचा १२ इंचांचा तुकडा छेडलात तर पंचम येतोच, पण वरच्या सप्तकातला. "बरोबर आलं" असं वाटून माणूस पुढं जातो आणि मध्यमाला गडबडतो, कारण तिथं पलीकडं ९ इंच उरतात आणि त्यातून चक्क सा वाजतो.

दुसरा, २८८ चा ग. श्रीनिवासाचा हा शुद्ध ग, पण आजच्या कानाला तो कोमल ग. आजचा शुद्ध ग ३०० च्या आसपास असतो: ५/४ या प्रमाणानं ३००, पंचमांच्या साखळीनं ३०३.७५. नि सुद्धा तसाच. म्हणून त्याचं शुद्ध सप्तक आपल्या काफी थाटासारखं (थाट म्हणजे रागांच्या पायाचा सात स्वरांचा संच) लागतं. हे वाक्य उत्तरात नसेल तर उत्तर अर्धं.

५. सारणा चतुष्टयी: कागदाच्या दोन पट्ट्या

नाट्यशास्त्रकार भरतानं दोन वीणांवर चार टप्प्यांत सप्तकाच्या २२ श्रुती (सूक्ष्म स्वरांतरं) दाखवल्या, तो हा प्रयोग. पुस्तकात हा भाग पाच वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. कागदाच्या पट्ट्यांनी वीस मिनिटांत शिरतो.

चौकटींच्या वहीतून दोन लांब पट्ट्या कापा. दोन्हींवर १ ते २२ आकडे लिहा, आणि वरच्या पट्टीला १ च्या आधी शून्याचा एक घर जास्त ठेवा. भरताच्या षड्जग्रामात (ग्राम म्हणजे स्वरांची जुनी मांडणी) श्रुतींची वाटणी सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नि २ अशी आहे आणि स्वर आपापल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. म्हणून सा ४ व्या घरात, रे ७, ग ९, म १३, प १७, ध २०, नि २२. शून्याच्या घरात खालच्या सप्तकातला नि. वरची पट्टी ध्रुव (न हलणारी) वीणा, ती वहीला चिकटवून टाका. खालची चल (सरकणारी) वीणा.

आता खालची पट्टी एक घर डावीकडं सरकवा. एकही स्वर वरच्या स्वराखाली येत नाही. ही पहिली सारणा. आणखी एक घर: चलचा ग ध्रुवाच्या रे खाली आणि नि ध खाली. ही दुसरी. आणखी एक घर: रे सा खाली, ध प खाली. तिसरी. आणखी एक: सा त्या शून्याच्या घरातल्या नि खाली, म ग खाली, प म खाली. चौथी. आता मोजा. दोन स्वर प्रत्येकी २ श्रुतींचे म्हणजे ४, दोन स्वर ३ श्रुतींचे म्हणजे ६, तीन स्वर ४ श्रुतींचे म्हणजे १२. बेरीज २२.

पट्टीत न दिसणारी एक गोष्ट उत्तरात लिहायलाच हवी. भरतानं पट्टी सरकवल्यासारखे सगळे स्वर एकदम उतरवलेले नाहीत. आधी फक्त पंचम एका श्रुतीनं उतरवला, म्हणजे मध्यमग्राम झाला. मग त्या उतरलेल्या पंचमाला धरून बाकीचे स्वर पुन्हा षड्जग्रामात लावले. त्या पंचमाच्या फरकालाच प्रमाणश्रुती म्हणतात. हे वाक्य गाळणाऱ्यांचे गुण हमखास जातात.

मध्यमग्रामही त्याच पट्टीवर पाहून घ्या: म ४, प ३, ध ४, नि २, सा ४, रे ३, ग २. पंचमाची एक श्रुती धैवताला गेली, बाकी सगळं जागच्या जागी.

आधुनिक श्रुतिस्वर व्यवस्थेचा प्रश्न याला जोडून येतो. भातखंडे यांच्या मांडणीत स्वर पहिल्या श्रुतीवर बसतो: १, ५, ८, १०, १४, १८, २१. आकड्यांची वाटणी तीच, बसायची जागा बदलली आणि शुद्ध सप्तक काफीचं बिलावल झालं. तिसरी पट्टी करा, सा खाली सा जुळवा आणि दोन्हींतला ग आणि नि कुठं सरकला ते डोळ्यांनी बघा.

६. ३२, ७२ आणि ४८४

तिन्ही आकडे पाठ असतात, कुठून आले ते सांगता येत नाही.

३२ थाट: सा आणि प अचल. रे, ग, म, ध, नि या पाचांचे प्रत्येकी दोन पर्याय. पाच वेळा दोन मांडून गुणाकार करा.

७२ मेल (कर्नाटक पद्धतीतले थाट), व्यंकटमखीच्या "चतुर्दंडीप्रकाशिके"तले: सा आणि म यांच्या मध्ये चार जागा आहेत, त्यांतल्या कुठल्याही दोन निवडायच्या. अशा सहा जोड्या होतात. प आणि वरच्या सा यांच्या मध्येही सहा. मध्यम दोन. ६ × ६ × २ = ७२.

मग आपले ३२ का? आपण रे-गच्या चारच जोड्या घेतो, ४ × ४ × २. दोन्ही रे एकापाठोपाठ, किंवा दोन्ही ग एकापाठोपाठ, अशा ज्या दोन जोड्या कर्नाटक पद्धतीत वेगळ्या नावांनी चालतात, त्या आपण सोडून देतो. दोन्ही आकड्यांमधला फरक तेवढाच आहे, आणि हे दोन ओळींत लिहिणारा परीक्षार्थी विरळा.

४८४ (एका थाटातून निघू शकणारे राग): आरोह संपूर्ण १ प्रकारे, षाडव ६ प्रकारे (सा सोडून सहांतला एक वर्ज्य), औडव १५ प्रकारे (सहांतले दोन वर्ज्य). एकूण २२. अवरोहाचेही २२. गुणाकार ४८४. नऊ जातींचा (संपूर्ण, षाडव, औडव यांच्या आरोह-अवरोहाच्या जोड्यांचा) तक्ता मागितला तर १, ६, १५, ६, ३६, ९०, १५, ९०, २२५ असे आकडे येतात. बेरीज करून पाहायची सवय ठेवा, तक्त्यात ९० च्या जागी ९६ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

७. कर्नाटक पद्धती: सोलापूरकरांच्या दारातच

पुण्या-मुंबईच्या परीक्षार्थींना हा धडा कोरडा जातो. आपल्याकडं पूर्व भागात तेलुगू, शहरभर कन्नड, आणि ओळखीत कर्नाटक पद्धतीनं शिकलेलं कुणी ना कुणी असतंच. अशा एखाद्या अक्कांना किंवा अण्णांना गाठून मायामालवगौळ रागाची सरळी (सुरुवातीचे स्वरपाठ) गायला सांगा. आपला भैरव ऐकू येईल.

स्वरनामांत अडकायला होतं ते "शुद्ध" या शब्दामुळं. तिकडचा शुद्ध रि म्हणजे आपला कोमल रे. तिकडचा चतुःश्रुती रि म्हणजे आपला शुद्ध रे, आणि तिकडचा शुद्ध ग सुद्धा त्याच जागेवर. साधारण गांधार आपला कोमल ग, अंतर गांधार आपला शुद्ध ग. प्रति मध्यम आपला तीव्र. कैशिकी निषाद कोमल नि, काकली निषाद शुद्ध नि. तिकडं सर्वांत खालच्या जागेला शुद्ध म्हणतात, एवढं सूत्र पुरे.

दहा थाटांचे मेल क्रमांकांसह: बिलावल म्हणजे शंकराभरणम २९, कल्याण म्हणजे मेचकल्याणी ६५, खमाज म्हणजे हरिकांबोजी २८, भैरव म्हणजे मायामालवगौळ १५, पूर्वी म्हणजे कामवर्धिनी ५१, मारवा म्हणजे गमनश्रम ५३, काफी म्हणजे खरहरप्रिया २२, आसावरी म्हणजे नटभैरवी २०, भैरवी म्हणजे हनुमत्तोडी ८, तोडी म्हणजे शुभपंतुवराळी ४५. तिकडची तोडी ही आपली भैरवी, आणि आपली तोडी तिकडं भलत्याच नावानं. या एका जागी निम्मे पेपर चुकतात. तसंच तिकडचा हिंडोलम म्हणजे आपला मालकंस, आपला हिंडोल नव्हे.

क्रमांक लक्षात ठेवायला कटपयादीची युक्ती आहे. क, ट, प, य या चारही अक्षरांपासून १, २, ३ असे आकडे मोजायचे, नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची आणि आकडे उलटे लिहायचे. मा-या: म ५, य १, उलटून १५. ख-र: २ आणि २, म्हणजे २२. शंकराभरणमच्या आधी "धीर" लावलेलं आहे ते यासाठीच: ध ९, र २, उलटून २९.

८. लयकारी लिहिणं

सगळ्यांत जास्त गुण इथं आहेत आणि सगळ्यांत जास्त गळतीही इथंच. हातावर ताल देऊन तिगुन बिनचूक म्हणणारी मुलं कागदावर ती चुकवतात, कारण कुठून सुरू करायची हे माहीत नसतं.

नियम असा. एकूण मात्रांना लयीनं भागा, म्हणजे त्या लयीत एक आवर्तन किती मात्रांत बसतं ते कळतं. ते एकूण मात्रांतून वजा करा. उरलेल्या मात्रा मूळ ठेक्यानं (तालाच्या ठरलेल्या बोलांनी) जाऊ द्या, पुढं लयकारी सुरू करा म्हणजे ती बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईल.

दहा मात्रांच्या झपतालाची तिगुन, म्हणजे तिप्पट लय, घ्या. १० ÷ ३ = ३ १/३. दहातून वजा केले की ६ २/३. म्हणजे सहा मात्रा सरळ, सातव्या मात्रेचे दोन तृतीयांश रिकामे आणि मग पहिला बोल:

७ वी मात्रा: ऽऽधी
८ वी: नाधीधी
९ वी: नातीना
१० वी: धीधीना
आणि सम.

बोल मोजा: १ + ३ + ३ + ३ = १०. ही मोजणी केल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडं जायचं नाही.

आता आड, म्हणजे दीडपट. १० ला दीडनं भागलं की ६ २/३, वजा करून ३ १/३. चौथ्या मात्रेचा पहिला तृतीयांश रिकामा. दोन मात्रांत तीन बोल बसवायचे म्हणून प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा आणि प्रत्येक बोलाला दोन भाग द्या:

४: ऽधीऽ
५: नाऽधी
६: ऽधीऽ
७: नाऽती
८: ऽनाऽ
९: धीऽधी
१०: ऽनाऽ

इथं नेहमी होणारी चूक म्हणजे मात्रेचे दोनच भाग करणं. दोन भागांत दीडपट मावत नाही, मग शेवटच्या दोन मात्रांत बोल कोंबले जातात. सोपी खूण: लयीचा अपूर्णांक लिहा. ३/२ असेल तर वरचा आकडा (३) म्हणजे मात्रेचे भाग, खालचा (२) म्हणजे एका बोलाची जागा. ५/४ असेल तर मात्रेचे पाच भाग आणि बोलाला चार. ७/४ असेल तर सात आणि चार.

कुआड आणि बिआडबद्दल पुस्तकांत एकमत नाही. कुआड कुणी सव्वापट मानतात, कुणी सव्वादोनपट. आपण कोणतं मानतो ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून टाका: "येथे कुआड म्हणजे एका मात्रेत सव्वा मात्रा असे धरले आहे." मग परीक्षकाला तुमचं गणित तपासावं लागतं, मत नव्हे.

धमारात वेगळाच घोळ होतो. ठेका "क धि ट धि ट, धा ऽ, ग ति ट, ति ट ता ऽ". यातले दोन ऽ हे पूर्ण मात्रेचे आहेत, बोलांइतक्याच मानाचे. दुगुन लिहिताना ते गाळले की चौदाचे बारा होतात. दुगुन ७ मात्रांची, म्हणून आठव्या मात्रेपासून, म्हणजे नेमकी खालीपासून (टाळी न देण्याच्या मात्रेपासून): कधि, टधि, टधा, ऽग, तिट, तिट, ताऽ.

सराव असा करा: त्रिताल, झपताल, एकताल, चौताल आणि धमार हे पाच ताल, प्रत्येकाची दुगुन, तिगुन, चौगुन आणि आड. वीस तक्ते. रोज एक लिहिला तर तीन आठवड्यांत संपतात. लिहून झाला की हातावर ताल देत मोठ्यानं म्हणा. कागदावर बरोबर आणि तोंडात अडखळत असेल तर कागदावरही कुठंतरी चूक असतेच.

९. दोन स्वरलिप्या, एकमेकींच्या वैरी

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मवर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. पलुस्कर लिपीत मंद्राला टिंब वर येतं आणि तारसप्तकाला उभी रेघ. म्हणजे वरचं टिंब एका लिपीत तार, दुसरीत मंद्र. भातखंडे लिपीत समेला × आणि तालातल्या खालीला ०. पलुस्कर लिपीत समेला १ आणि खालीला +. घाईत काढलेला × आणि + सारखेच दिसतात, आणि पलुस्करांचं ० हे अर्ध्या मात्रेचं चिन्ह आहे. हे सगळं डोळ्यांनी वाचून राहात नाही. पाठ असलेली एकच बंदिश दोन्ही लिप्यांत समोरासमोरच्या पानांवर लिहा आणि चिन्हं वेगळ्या रंगानं काढा. अशा चार बंदिशी झाल्या की हात आपोआप लिपी ओळखतो.

लिहिताना आधी ताल-विभागांच्या रेघा आणि मात्रांचे आकडे आखा, मग बोल, सगळ्यांत शेवटी स्वर. स्वर आधी लिहिले की मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो तिथंच गाडी घसरते.

१०. समप्रकृतिक (एकमेकांसारखे भासणारे) राग

तुलना म्हणजे दोन रागांची माहिती शेजारी-शेजारी लिहिणं नव्हे. मारवा, पूरिया, सोहनी घ्या. तिघांचा थाट मारवा, पंचम तिघांतही वर्ज्य, रे कोमल, म तीव्र. एवढं साम्य दोन ओळींत उरका. मग भेद. मारव्यात रे आणि ध यांचं राज्य, सा मुद्दाम झाकलेला, वेळ सूर्यास्ताची. पूरियात वादी ग, संवादी (वादीच्या खालोखाल महत्त्वाचा स्वर) नि, चाल मंद्र सप्तकात. सोहनीत वादी ध, संवादी ग, चाल तारसप्तकात, वेळ उत्तररात्रीची. प्रत्येकाचं एकेक रागवाचक स्वरवाक्य स्वतः गाऊन लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवलेलं असेल तर परीक्षकाला ते ओळखीचं असतं.

भूप आणि देशकार ही जोडी भातखंडे यांच्या रागसमयाच्या नियमांशीही जोडता येते. स्वर तेच पाच. भूपात वादी ग, तो पूर्वांगातला (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यातला), राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकारात वादी ध, उत्तरांगातला (वरच्या अर्ध्यातला), राग सकाळचा. पूर्वांगवादी राग दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगवादी त्याउलट, हा नियम इथं त्याच उत्तरात लिहून होतो.

हुतात्मा स्मृती मंदिरात मैफल असेल तेव्हा वही घेऊन जा. किती वाजता कोणता राग गायला गेला आणि नियमाला अपवाद कुठं झाला, एवढं टिपलं तरी निबंधाला एक जिवंत उदाहरण मिळतं.

११. चरित्रं

इथं फार वेळ घालवू नका. प्रत्येकाला चार ओळी: काळ, गुरू, काम, त्या कामाचा परिणाम. विष्णु दिगंबर पलुस्कर: १८७२ ते १९३१, कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिक्षण, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय. विष्णु नारायण भातखंडे: १८६० ते १९३६, दहा थाटांची मांडणी, सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका, १९१६ ची बडोद्याची परिषद, १९२६ चं लखनौचं मॅरिस कॉलेज. दोघंही विष्णू असल्यानं घाईत एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, म्हणून आडनावानंच लिहा. शार्ङ्गदेवाच्या "संगीतरत्नाकरा"चे सात अध्याय क्रमानं: स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य.

घराण्यांच्या प्रश्नात वंशावळ कमी आणि गायकी जास्त हवी: आवाजाचा लगाव, बढत, लयीशी नातं, तानेची जात.

१२. पेपरच्या दिवशी

मेमध्ये पंख्याखाली बसूनही तळहाताला घाम येतो आणि जेल पेनची शाई लयकारीच्या तक्त्यावर फासते. बॉलपेन न्या, आणि मनगटाखाली ठेवायला जाड कागद. पाण्याची बाटली बाकावर ठेवू नका, खाली ठेवा.

प्रश्नपत्रिका हातात आली की पहिली पाच मिनिटं शेवटच्या कोऱ्या पानावर खर्च करा: ८६४०, षड्जग्रामाची सात घरं, नऊ जातींचे आकडे, दोन्ही लिप्यांची चिन्हं. त्यावर "कच्चे काम" असं लिहा. सुरुवात लयकारी आणि स्वरलिपीनं, तेव्हा हात ताजा असतो. तीन तासांचा पेपर असेल तर ही दोन्ही पहिल्या सव्वा तासात संपली पाहिजेत. निबंध शेवटी.

जमा करण्यापूर्वी दोनच गोष्टी पुन्हा पाहा: प्रत्येक तक्त्यातले बोल मोजून, आणि पलुस्कर लिपीच्या उत्तरात कुठं चुकून × पडला आहे का.